जागल, सुतळी आणि कॅमेरा

रिसोडला जंगल नाही. बाहेरगावच्या मित्रांना हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण विदर्भ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर थेट ताडोबा येतो आणि "मग वाघ दिसतो का रे?" हा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे सोयाबीन दिसतं. मग तूर, मग हरभरा, ओलित असेल तर गहू. मधून पैनगंगा आणि तिला मिळणारे नाले, थोडं गायरान, थोडा बाभळीचा पडीक माळ. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे खरं (२००० साली जाहीर झालेलं, जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं), पण ते पार दुसऱ्या टोकाला.

तरीही रात्री वावरात कुणीतरी येतं. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात ते रोही येतात, रानडुकरं येतात, कधी हरणांचा कळप येतो. म्हणून जागल. घरच्या मंडळींना जागल म्हणजे काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगतो. पीक दाण्यावर आलं की रात्री वावरात जाऊन राहायचं, मचाणावर बसायचं, मधूनमधून बॅटरी फिरवायची, डबा वाजवायचा, आरोळी द्यायची. पलीकडच्या वावरातून दुसरा आरोळी देतो. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्रभर जागायचं, असा हा प्रकार वर्षातून दोन-तीन महिने तरी चालतो.

तर आमच्या पुतण्याने (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हातात सदैव सोल्डरिंगची सळई) गेल्या वर्षी काकांच्या वावरात एक डबा बांधला. समोरून काही गरम, जिवंत हललं की डब्यातला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. डबा कसा केला ते पुढे येईलच. पण तो पाहिल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा, की ही कल्पना मुळात सुचली कुणाला? माणूस तिथे नसताना जनावराचा फोटो काढायचा! शोधत गेलो तर एक मोठीच गोष्ट हाती लागली, आणि ती फिरून फिरून आमच्याच मुलखात येऊन पोचली.

गोष्टीची सुरुवात हरणापासून आणि शिकाऱ्यापासून होते. जॉर्ज शिरास नावाचा अमेरिकन वकील, जन्म १८५९ चा. पुढे दोन वर्षं तो तिथल्या संसदेतही होता. लेक सुपीरिअरच्या दक्षिणेला मिशिगनच्या जंगलात तो लहानपणापासून शिकारीला जायचा. तिथे रात्रीच्या शिकारीची एक जुनी पद्धत होती. होडीच्या टोकाला दिवा लावायचा आणि आवाज न करता काठाकाठाने जायचं. पाणी प्यायला आलेलं हरीण दिव्याकडे बघत जागच्या जागी खिळतं, त्याचे डोळे चमकतात, त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये गोळी घालायची. आपल्याकडे जीपवरून बत्ती मारून जी शिकार चालायची तीच ही, फक्त पाण्यावरून. शिरासने पद्धत तीच ठेवली, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. मॅग्नेशियमची पूड पेटवून लख्ख उजेड पाडायचा आणि त्या क्षणी फोटो घ्यायचा. १८९० च्या दशकात तो हे करत होता. पुढे त्याने होडीत बसणंही सोडलं. जनावराच्या वाटेवर दोरी ताणायची किंवा आमिषाला दोरी बांधायची. दोरीला ओढ बसली की पूड पेटते, फोटो निघतो. म्हणजे हरणाने स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा.

१९०६ च्या जुलैमध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने त्याचे ७४ फोटो एका अंकात छापले. भूगोलाच्या मासिकात ही जनावरांची चित्रं कशाला, म्हणून मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले म्हणतात. आज त्या मासिकाची सगळी ओळखच जनावरांच्या फोटोंवर उभी आहे, त्यामुळे त्या दोघांची मला थोडी गंमत वाटते.

मला जास्त आवडला तो मात्र याच वाटेवरचा आपल्याकडचा माणूस. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, वनाधिकारी होता. (भारतातल्या जंगलांचे प्रकार ठरवणारे हॅरी चॅम्पियन हे याचे भाऊ. वनखात्याच्या परीक्षा दिलेल्यांना ते नाव पाठ असतं.) काळ १९२० च्या आसपासचा. साहेब म्हटला की पायाखाली मेलेला वाघ आणि हातात बंदूक, असे फोटो भिंतीवर टांगण्याचा तो जमाना. हा गृहस्थ बंदूक ठेवून वाघाच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडत होता. वाघ कुठल्या वाटेने जातो हे तो पावलांच्या ठशांवरून ओळखायचा. शिकाऱ्याला लागणारं सगळं ज्ञान त्याच्याकडे होतं, शेवटची कृती तेवढी वेगळी. त्या वाटेवर जमिनीलगत बारीक तार ताणून ठेवायची. वाघाचा पाय तारेला लागला की पूड भडकते आणि कॅमेऱ्याची झडप उघडते.

यातलं कष्टाचं गणित लक्षात घ्या. काचेची प्लेट एक, पूड एकदाच पेटणार. म्हणजे रात्रीला फोटो एक. आधी साळिंदर गेलं तर साळिंदराचा फोटो, गाय गेली तर गायीचा. वाघ त्यानंतर दहा मिनिटांनी शांतपणे त्याच वाटेने निघून गेला तरी कळायचं नाही, किंवा सकाळी ठसा पाहून कळायचं, आणि ते जास्त वाईट. दवाने पूड ओली झाली तर तेही नाही. तरी त्याने ते वर्षानुवर्षं केलं. ३ ऑक्टोबर १९२५ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्याचे रात्रीच्या वाघांचे फोटो आले आणि १९२७ मध्ये पुस्तक निघालं. जिम कॉर्बेटने बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळावं यात चॅम्पियनचा मोठा हात होता.

या माणसाने फोटो शेजारी शेजारी ठेवून एक गोष्ट पाहिली: प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. फोटोवरून सांगता येतं, की परवाचा वाघ आणि आजचा वाघ एकच की निराळा. आज वाचताना हे साधं वाटतं. पण या एका निरीक्षणाचा उपयोग करायला आपल्या देशाला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

कारण दरम्यान आपण वाघ मोजत होतो ते पावलांच्या ठशांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. ठशावर काच धरायची, त्यावर आकार गिरवून घ्यायचा आणि आकारावरून वाघ ओळखायचा. १९७२ च्या देशभरच्या मोजणीत १,८२७ वाघ निघाले ते असेच. हजारो वनरक्षकांना पायी जंगलात उतरवणारी ती पद्धत होती, तिला सरसकट नावं ठेवणं मला योग्य वाटत नाही. पण ओल्या मातीत ठसा पसरतो, कोरड्या धुळीत आक्रसतो, आणि मोजणाऱ्यावर आकडा वाढवायचा दबाव असेल तर एका वाघाचे तीन व्हायला वेळ लागत नाही. राजस्थानच्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते, आणि २००५ च्या सुरुवातीला उघड झालं की तिथे एकही उरलेला नाही.

आपल्या महाराष्ट्रात दुसरी एक पद्धत होती आणि हौसेखातर अजूनही आहे: बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायचे. वैशाखात पाणवठे थोडेच उरतात, चांदणं भरपूर असतं. मीही एका वर्षी बसलोय. रात्रभरात मोर, ससे आणि रोह्यांचा एक कळप. कळप दोनदा आला का दोन कळप आले, यावर माझं आणि सोबत्याचं पहाटेपर्यंत एकमत झालं नाही. शेवटी कागदावर एक आकडा लिहिला. रात्र सुंदर होती यात वाद नाही, आकड्याबद्दल मात्र न बोललेलं बरं.

चॅम्पियनच्या निरीक्षणातून खरा आकडा काढला तो उल्हास कारंथ यांनी, कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये. १९९५ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यातली युक्ती धान्याच्या भाषेत सांगतो. पोत्यात तुरीचे दाणे किती आहेत हे सगळे न मोजता सांगायचं आहे. पन्नास दाणे काढा, त्यांना रंग लावा, परत टाका, पोतं नीट हलवा. पुन्हा पन्नास काढा. त्यात रंगीत पाच निघाले, म्हणजे दहातला एक रंगीत, म्हणजे पोत्यात अंदाजे पाचशे दाणे. वाघाला रंग लावायची गरज नाही, तो जन्मतःच लावून येतो. पहिल्या फेरीत फोटोत किती वाघ आले आणि पुढच्या फेऱ्यांत त्यातले किती पुन्हा आले, यावरून न दिसलेल्यांचाही हिशेब लागतो. प्रत्यक्ष गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हाच. सरिस्काच्या धक्क्यानंतर सरकारने ठशांवरची मोजणी बाजूला ठेवली, आणि २००८ मध्ये कॅमेऱ्यांच्या आधाराने आकडा जाहीर झाला: १,४११. पुढे २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यातले वाघाचे ७६,६५१. रात्रीला एक काच वापरणाऱ्या चॅम्पियनला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

पण हे सगळं जंगलातलं. वावरातलं काय?

इथे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं अकोले येतं. आपलं अकोला नव्हे, वैदर्भीय वाचकांनी गोंधळू नये. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उसाच्या पट्ट्यात, वस्त्यांच्या मधोमध कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात असा तो भाग, संरक्षित जंगल नावालाही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसं होती. जंगलातून वाट चुकून आलेली नाहीत, तिथेच राहणारी. लोक रात्री दारं लावून झोपत होते आणि बिबटे गल्लीतून जात होते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कॅमेऱ्यांनी सांगितलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. 'इथे काही नाही' असं ज्या भागाबद्दल आपण म्हणतो, तिथे फक्त कुणी रात्री पाहिलेलं नसतं.

आणि मग २०१९ साली गोष्ट आमच्या शेजारी आली. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य लहान, दीडशे चौरस किलोमीटरही नाही. तिथल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला आणि चालतच राहिला. तेलंगणाचा कोपरा, हिंगोली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. नकाशा काढा आणि हिंगोली नि बुलढाणा यांच्या मध्ये बोट ठेवा. आमचा रिसोड तालुका दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे. म्हणजे त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत, आमची माणसं सोयाबीन आणि तूर राखत मचाणावर बसलेली असताना, या सगळ्या शेतीच्या मुलखातून एक वाघ दिवसा झुडपात पडून राहत आणि रात्री चालत गेला. त्याच्या कॉलरने पाच हजारांवर नोंदी केल्या. इतक्या प्रवासात माणसाला इजा झाली ती एकदाच, काही जण त्याच्या झुडपात शिरले तेव्हा. आपण मात्र कुत्रं भुंकलं की ओरडतो.

वॉकरच्या गळ्यात कॉलर होती म्हणून तो कळला. कॉलर नसलेल्यांचं काय, याचं उत्तर मार्च २०२१ मध्ये मिळालं. संभाजीनगर आणि जळगावच्या मधल्या गौताळा अभयारण्यात एका कॅमेऱ्यात वाघ आला. त्या जंगलात १९४० नंतर वाघाची नोंद नव्हती. पट्टे जुळवून पाहिले तर हाही टिपेश्वरचाच. आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, पट्टे जुळवले, पुन्हा टिपेश्वर! टिपेश्वरमध्ये कुणीतरी झाडाला डबे बांधून तिथल्या वाघांचे फोटो जपून ठेवले होते, म्हणून शेकडो किलोमीटरवर आलेल्या पाहुण्याचं गाव सांगता आलं. आणि हे पाहुणे सगळी वाट आमच्यासारख्यांच्या धुऱ्यांवरून चालून आले होते.

आता आमच्या डब्याकडे. अशा घरगुती डब्यांचीही परंपरा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तयार ट्रेल कॅमेरे महाग होते, तेव्हा अमेरिकेतले हरणांच्या मागे लागलेले हौशी लोक जुने डिजिटल कॅमेरे उघडून बटणाला वायरी जोडत आणि त्या अंगणातल्या दिव्यात असतो तसल्या सेन्सरला बांधत. आमच्या पुतण्याने ईएसपी-३२ कॅम नावाचा काडेपेटीपेक्षा लहान बोर्ड घेतला, तोच सेन्सर, चार्ज होणाऱ्या दोन सेल, आणि हे सगळं बसवलं वायरिंगवाल्याकडच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. खर्च हजार-दीड हजार. रात्रीसाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे बारके दिवे. चॅम्पियनच्या भडक्याची जागा या न दिसणाऱ्या उजेडाने घेतली.

हा सेन्सर उष्णता मोजत नाही, उष्णतेतला फरक हलताना पकडतो. त्यामुळे थंडीत तो चोख, आणि मे महिन्यात जमीनच जनावराइतकी तापली की आंधळा. वारा सुटला की उन्हातली पानं हलतात आणि शेकडो फोटो पानांचे. डबा पाण्यापासून वाचवायचा, आणि छिद्रं मेणाने बुजवायची, नाहीतर मुंग्या घर करतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, धुऱ्याच्या लांबीच्या दिशेने लावायचा. वाटेला आडवा लावला तर कार्ड भरेल इतक्या शेपट्या मिळतात, तोंडं मिळत नाहीत.

तुरीला शेंगा भरल्या होत्या तेव्हा तो तीन आठवडे लावला. शेजारच्यांची कुत्री, मुंगूस, ससा, एक कोल्हा, आणि मग रोही. पण काकांच्या कामाचं निघालं ते वेगळंच. नुकसान रोह्यांचं म्हणून ते संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत जागायचे. रोही खरंच लवकर यायचे आणि बॅटरी पाहून पळायचे. रानडुकरं यायची ती पहाटे तीन ते साडेचारच्या मध्ये, मचाणाच्या उलट्या बाजूने, नाल्यातून. रोज. फोटोंवरची वेळ पाहून काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे आमी झोपाचीच वाट पायतात का रे हे?" त्यानंतर जागलीची पाळी बदलली, आणि झटका मशीनची तार नाल्याच्या बाजूला आधी ओढली. (झटका मशीन म्हणजे सौर बॅटरीवरचा क्षणिक धक्का, सरळ आकडा टाकून सोडलेला करंट नव्हे. त्या करंटने रोही मरतात, वाघ मरतात आणि शेजाऱ्याचा मुलगाही मरतो, हे विदर्भात सांगायची गरज पडू नये.)

रोही किती आहेत, हे मात्र डबा सांगू शकत नाही. रोह्याला पट्टे नाहीत. बारा फोटोंत रोही असेल तर ते बारा रोही की एकच बारा वेळा, ते सांगायला काहीच नाही. गावात लगेच कुणीतरी "कॅमेऱ्यात पन्नास रोही निघाले" असं बोलायला लागलं, तेव्हा पुतण्याला हे चावडीवर समजावून सांगावं लागलं.

याहून महत्त्वाची गोष्ट माणसांची. कॅमेऱ्याला माणूस आणि रानडुक्कर यांत फरक कळत नाही, दोघेही गरम आणि हलणारे. कॉर्बेटच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांबद्दल २०२४ मध्ये त्रिशांत सिमलाई यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरपण आणायला जाणाऱ्या बायकांना ते कॅमेरे सतत पाळत वाटत होते. त्या मोठ्याने गाणं-बोलणं टाळायला लागल्या, वेगळ्या वाटांनी जायला लागल्या. एका महिलेचा कॅमेऱ्यात आलेला फोटो गावात व्हॉट्सअॅपवर फिरला, तेव्हा लोकांनी सापडतील तेवढे कॅमेरे फोडले. मला तरी त्यांचं चुकलं असं वाटत नाही. आमच्याकडे पहाटे वावराच्या कडेला कोण कशासाठी जातं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून डबा लावायच्या आधी पुतण्याला घेऊन शेजारच्या चारही वावरांतल्या घरी गेलो. बायकांनाच विचारलं, कुठून जाणं-येणं असतं. त्यांनी सांगितलेल्या दोन वाटा सोडल्या. एका काकूंनी कार्डातले फोटो आधी आपल्याला दाखवायचे अशी अट घातली, ती मान्य केली. पहिल्या आठवड्याचे फोटो त्यांच्या ओट्यावर बसूनच पाहिले. कोल्ह्याचा फोटो आला तेव्हा त्या म्हणाल्या की हा त्यांना रोज दिसतो, त्यात एवढं काय.

अभयारण्यात असले डबे परवानगीशिवाय लावता येत नाहीत, आणि फोटो टाकताना वावराचं ठिकाण आम्ही लिहीत नाही, कारण हरणाच्या येण्याजाण्याची वेळ शिकाऱ्यालाही हवीच असते. यंदा हरभरा वर आला की डबा नाल्याच्या तोंडाशी जाईल. पुतण्याने मुंग्यांसाठी नवीन झाकण केलं आहे.